उतारावरच्या विहिणी

ओंडका दोघींच्या खांद्यांवर होता आणि सकाळपासून दोघींपैकी एकीनंही धड तोंड उघडलं नव्हतं. सिस्टर गप्प असण्यात नवल काहीच नव्हतं. त्यांचं उभं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेलं. तिथं तोंडाला मास्क, आणि बोलायचं ते डोळ्यांनी. पण विहीणबाई गप्प? विहीणबाई म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. खच्चून भरलेल्या बसमध्ये पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत आवाज पोचवायची सवय असलेल्या. त्या कुजबुजल्या तरी समोरच्या टेकडीवर ऐकू जायचं. आज त्या फक्त "उचला" आणि "ठेवा" एवढंच म्हणत होत्या, आणि तेही सिस्टरना नाही, ओंडक्याला सांगितल्यासारखं.



उन्हाळ्यात वणवा पेटला तो आठवडाभर विझला नव्हता. गावाच्या डोक्यावरचा डोंगर जळून काळा ठिक्कर पडला. घरं वाचली म्हणून लोकांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात वनखात्याच्या रेंजरबाईंनी सभा बोलावली. चाळिशीच्या, काटकुळ्या, सदा घाईत असलेल्या बाई. त्यांनी डोंगरावरची माती एका ट्रेमध्ये आणली होती. तिच्यावर त्यांनी सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मुरलंच नाही. तेलकट तव्यावरून घरंगळावं तसं थेंब थेंब होऊन कडेनं ओघळलं आणि पहिल्या रांगेतल्यांच्या चपला भिजल्या.

"जळलेल्या मातीवर असा मेणचट थर धरतो," रेंजरबाई म्हणाल्या. "पाऊस मोठा झाला की सगळं पाणी खाली येणार. एकटं नाही येणार. राख, दगड, ओंडके, सगळा लवाजमा घेऊन येणार. घळीच्या तोंडाशी राहतं कोण?"

कंडक्टरबाईंनी हात वर केला. "मी राहते. आणि मला पोहता येत नाही."

सभा हसली, पण दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. तरुण मंडळींना नोकऱ्याधंदे होते. रिकामा वेळ होता तो निवृत्त लोकांकडे. म्हणून डोंगरावर जमली ती सगळी पांढऱ्या केसांची फौज, आणि तिचं नाव आपोआप पडलं 'पेन्शनर पलटण'. सिस्टर नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. दोन खोल्यांचं घर त्यांना खायला उठायचं. विहीणबाईंनीच त्यांना ओढून आणलं होतं. "चला हो, गुडघे शाबूत आहेत ना? मग घरी बसून त्यांची पूजा करणार आहात का?"

मेलेली झाडं सुतारदादा यंत्राच्या करवतीनं पाडायचे. हेही पलटणीतलेच, फर्निचरचं दुकान मुलाच्या हवाली करून आलेले. बाकीच्यांनी ते ओंडके उताराला आडवे नेऊन टाकायचे, खालून मेखा ठोकायच्या, मागच्या फटीत माती दाबायची, आणि मोकळ्या जमिनीवर पेंढा अंथरायचा. धावत येणारं पाणी प्रत्येक ओंडक्यापाशी थबकावं, दम खावं, थोडं मुरावं, एवढाच सगळा डाव होता.

रेंजरबाईंचे नियम मात्र कडक. वारा सुटला की जळक्या झाडांखालून निघायचं. आणि पिवळी पट्टी बांधलेल्या भागात पाऊल टाकायचं नाही. "वरची आग विझली म्हणजे विझली असं समजू नका. मोठ्या झाडांची मुळं आतल्या आत धुमसत असतात. वर जमीन दिसते आणि खाली पोकळी असते. त्या पोकळीत निखारे असतात."

अशा कामात दोघी विहिणींची जोडी जमली होती. जमली होती म्हणजे, गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात सिस्टरची लेक एक बॅग आणि पाच वर्षांच्या पोरीला घेऊन दारात उभी राहिली. सिस्टरनी काही विचारलं नाही. लेकीचा चेहरा बघून गाद्या घातल्या. पोरगी झोपल्यावर लेक म्हणाली, "आई, मी परत जायची नाही. भांडण नाही, मारहाण नाही, काही नाही. पण परत जायची नाही. आणि एक कर, सासूबाईंना सांगू नकोस. त्यांच्या मुलानं सांगायला हवं. तू मध्ये पडू नकोस."

सिस्टरनी मान डोलावली. थिएटरच्या आतलं थिएटरच्या बाहेर सांगायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. पण रोज सकाळी त्याच बाईच्या खांद्याला खांदा लावून ओंडके वाहायचे, "काय म्हणते आमची चिमणी?" या प्रश्नाला "मजेत आहे" असं उत्तर द्यायचं, आणि घरी येऊन त्याच चिमणीला दूध प्यायला लावायचं, हे काही सोपं नव्हतं. जावई फोन करत नव्हते, आईलाही काही सांगत नव्हते. दिवस जात होते. 

आणि आज वर आभाळही निराळं होतं. हवामानवाल्यांनी दोन-तीन दिवसांत मोठ्या पावसाचा इशारा दिला होता. वरची शेवटची रांग अजून पुरी व्हायची होती. रेंजरबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "ही रांग राहिली तर खालच्या सगळ्या रांगांवर ताण येईल," आणि मग बाकीच्यांना घेऊन घळीच्या पलीकडे गेल्या होत्या. सुतारदादांची करवत टेकाडामागे गुरगुरत होती. या बाजूला दोघी विहिणीच.

ओंडका जागेवर बसला. विहीणबाईंनी मेख धरली, सिस्टरनी हातोडा उचलला.

"काल संध्याकाळी तुमच्या घरी फोन केला होता मी," विहीणबाई म्हणाल्या.

हातोडा हवेतच राहिला.

"तुम्ही बाहेर गेला होतात. फोन कुणी उचलला सांगू? आमच्या चिमणीनं. म्हणाली, 'आजी, आम्ही आता इकडेच राहतो. पण हे तुला सांगायचं नाहीये.'"

सिस्टरनी हातोडा खाली टेकवला आणि त्या ओंडक्याकडं बघत राहिल्या. 

"माझा जन्म बसमध्ये गेला, सिस्टर. ज्यानं तिकीट काढलेलं नसतं तो कसा खिडकीबाहेर बघत बसतो, ते मला चांगलं कळतं. आठवडाभर तुम्ही खिडकीबाहेरच बघताय. मला वाटलं, पाठ दुखत असेल बाईची."

"मला सांगायला मनाई होती, विहीणबाई."

"कुणाची? त्या कालच्या पोरीची? आणि तुम्ही मान तुकवलीत! माझी नात माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी इथं तुमच्याबरोबर लाकडं वाहतेय. दुपारी तुमच्या डब्यातलं खातेय. रोज विचारतेय, चिमणी कशी आहे. तुमची जीभ कशी रेटली हो 'मजेत आहे' म्हणायला?"

"तुमच्या मुलानं तरी कुठं सांगितलं तुम्हाला?"

हे वाक्य सिस्टरच्या तोंडून निसटलं आणि निसटल्याबरोबर त्यांना ते परत गिळावंसं वाटलं. विहीणबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी मेख हळूच खाली ठेवली. हातमोजे काढले, कमरेला खोचले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्यानंही नाही सांगितलं."

आणि त्या निघाल्या. वळणाची पायवाट सोडून सरळ खाली, घराच्या दिशेनं, एखादी बाई चालत्या बसमधून उतरावी तशा तरातरा.

"विहीणबाई, तिकडं पट्टी आहे! विहीणबाई!"

त्यांनी पट्टी वर उचलली, वाकून खालून गेल्या आणि पुढं चार-सहा पावलं टाकली. मग 'भस्स' असा आवाज झाला. पिठाचं पोतं फुटावं तसा. राखेचा लोट उठला, आणि तो बसला तेव्हा विहीणबाई निम्म्या झाल्या होत्या. एक पाय मांडीपर्यंत जमिनीत, दुसरा गुडघ्यात मुडपून वर, दोन्ही हात राखेत.



"हलू नका," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. थिएटरमधला, सपाट आवाज. "पाय खेचू नका. कुठं अडकलाय?"

"बूट... दोन दगडांच्या मध्ये की मुळात, काय माहीत. पाय निघत नाही." मग, जरा थांबून, "सिस्टर, गरम लागतंय."

सिस्टरनी गळ्यातली शिट्टी ओठांत धरून जीव खाऊन फुंकली. टेकाडामागं करवत गुरगुरतच राहिली. पुन्हा फुंकली. करवत थांबेना. नियम असा होता की खड्ड्याजवळ एकट्यानं जायचं नाही. शिट्टी मारायची आणि माणसं येईपर्यंत थांबायचं. टेकाड ओलांडून धावत जायचं म्हटलं तर त्यांच्या वयाला जाऊन येईपर्यंत बराच वेळ लागला असता. आणि पायाखाली निखारे असलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

तेव्हाच वारा सुटला.

मान वर केल्यावर त्यांना झाड दिसलं. खड्ड्याच्या वरच्या अंगाला एक जाडजूड जळका बुंधा, फांद्यांचे नुसते खुंट उरलेले. विहीणबाई ज्या पोकळीत पडल्या होत्या ती त्याच झाडाच्या मुळाची होती. म्हणजे ते झाड आता जवळजवळ कशावरच उभं नव्हतं. वाऱ्याबरोबर ते अगदी थोडं हललं आणि आतून 'कर्र' असा आवाज आला.

सिस्टरनी पहिल्यांदा पेंढ्याच्या गाठोड्याकडे हात नेला. मऊ पडेल, वजन पसरेल. पण लगेच हात मागे घेतला; निखाऱ्यावर पेंढा म्हणजे होळीच की! पाण्याचा कॅन होता, तोही त्यांनी उचलला आणि ठेवला. निखाऱ्यांवर पाणी ओतलं तर वाफ उठेल, आणि ती वाफ आगीपेक्षा वाईट भाजेल. मग त्यांची नजर हातगाडी चढवायला ठेवलेल्या फळीवर गेली. एरवी ती फळी दोघी मिळून उचलत. सिस्टरनी ती एकटीनं ओढली, पट्टीखालून सरकवली आणि खड्ड्याच्या काठापर्यंत लोटली. पेंढ्याच्या दोऱ्या कापायचा चाकू मुठीत धरला आणि फळीवर पालथ्या पडून पुढं सरपटू लागल्या.

फळीखाली माती कुरकुरत होती. राखेचा वास नाकात भरला. आणि त्या वासाखाली आणखी एक वास होता, जळत्या रबराचा.

"मूर्ख आहात तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "दोघी मेलो तर चिमणीला सांभाळणार कोण?"

"तुमचा उजवा हात माझ्या खांद्यावर टाका. वजन टाकू नका, नुसता ठेवा. आता मी हात आत घालतेय."

"सिस्टर, बूट तापलाय. फार तापलाय."

"माहितीये. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. थांबे सांगा तुमच्या बसचे."

विहीणबाईंनी खरोखरच थांबे सांगायला सुरुवात केली. डेपो. पाण्याची टाकी. मुलींची शाळा. सिस्टरचा हात खांद्यापर्यंत आत गेला होता. भट्टीत हात घालावा तशी धग होती. बोटांना मांडी लागली, गुडघा लागला, पोटरी, मग बुटाची कड. बूट एका जाड मुळाच्या बेचक्यात रुतून बसला होता. ओढून निघणारा नव्हता. बुटातून पाय काढायचा, एवढाच मार्ग होता. त्यांनी चाकू आत नेला. न बघता काम करायचं होतं, नुसत्या स्पर्शानं. एक नाडी कापली. दुसरी. हातमोज्यातून चटका मनगटापर्यंत चढत आला.

"बाजार. जुना पूल. सिस्टर, झाड!"

'कर्रर्र.' या वेळी लांबलचक. वरून ढेकळं आणि काजळीचे तुकडे त्यांच्या पाठीवर पडले.

"झाड मी बघितलंय. पुढचा थांबा कोणता?"

"अगं, मरू दे तो थांबा! तू जा ना! तू जा, बाई, ऐक माझं!"

"पंजा सरळ करा. चवड्यावर उभ्या राहिल्यासारखा. टाच सैल सोडा. आता दुखेल."

सिस्टरनी टाचेमागं बोटं घातली आणि बूट खाली दाबला. विहीणबाई किंचाळल्या. त्या किंचाळीनं मात्र कमाल केली. शिट्टीला जे जमलं नव्हतं ते झालं. टेकाडामागची करवत थांबली. पण आता वाट बघायला सवड नव्हती. पाय सुटला होता. सिस्टरनी विहीणबाईंच्या काखेत हात घातला, दोघी फळीवरून मागे सरपटल्या, आणि फळी संपल्यावर सिस्टरनी त्यांना खाली नाही, बाजूला, उताराच्या आडव्या अंगानं ढकललं आणि स्वतःही लोळत गेल्या.

झाड अगदी सावकाश पडलं. आधी फक्त कललं, जणू अजून विचार करतंय. मग मुळाकडची जमीन उघडली, आतून लालसर ठिणग्यांचा फवारा उडाला, आणि तो अख्खा बुंधा फळीवर, खड्ड्यावर आणि त्याखाली त्यांनी चार दिवस खपून बसवलेल्या ओंडक्यांच्या रांगेवर कोसळला. जमीन हादरली. ओंडके काडेपेटीतल्या काड्यांसारखे उधळले.

धूळ बसल्यावर सुतारदादा टेकाडावरून धावत येताना दिसले, मागून रेंजरबाई. सिस्टर तोवर विहीणबाईंच्या पायावर कॅनमधलं पाणी सावकाश ओतत होत्या. मोजा कातडीला चिकटला होता. त्याला त्यांनी हात लावला नाही.

"मोजा काढा की," विहीणबाई दातावर दात धरून म्हणाल्या.

"नाही. तो दवाखान्यात काढतील. तुम्ही पायाकडं बघू नका."

"मग कुठं बघू? खिडकीबाहेर?"

सिस्टरना हसू आलं आणि त्यांनी कॅन खाली ठेवला. तेव्हा कुठं त्यांना दिसलं, की त्यांचा स्वतःचा हातमोजाही वितळून करंगळीला चिकटलाय.

दवाखाना सिस्टरच्या ओळखीचा. जिथं जन्म घालवला तिथंच आज त्या बाकावर बसल्या होत्या, हाताला बँडेज. आतल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?"

"विहीण," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द अजून किती दिवस खरा राहणार, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

लेक धावतपळत आली. आईचा हात बघून तिचे डोळे भरले. मग ती पडद्यापलीकडं गेली. सिस्टरनी तिला थांबवलं नाही. पडद्याला कान लावायची गरजही नव्हती. विहीणबाईंचा आवाज कुठल्या पडद्याला ऐकतोय!

"माझ्या पोरानं काय केलं, ते खरं खरं सांग. मी त्याची आई आहे म्हणून गुळमुळीत बोलू नकोस."

"काही केलं नाही हो, आई. तेच तर आहे. काहीच केलं नाही. कामावरून येतात, जेवतात, झोपतात. मी आजारी पडले तरी, मी रडले तरी, मी हसले तरी. मी भिंतीशी संसार करतेय. परवा चिमणी मला म्हणाली, 'बाबांना ऐकू येत नाही का?'"



"त्याचे वडीलही तसेच होते," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "मला कळायचं नाही असं नाही. पण मी दिवसभर बसमध्ये बोलून घ्यायचे. घरी येईपर्यंत माझं पोट भरलेलं असायचं." मग थोड्या वेळानं, "तू परत जा असं मी म्हणणार नाही. पण मला माझी नात बघू दे."

"तुमचीच आहे ती, आई."

पाऊस अजून यायचा होता, आणि त्याला कुणाच्या पायाशी देणंघेणं नव्हतं. झाडानं नुसती रांग मोडली नव्हती. तो बुंधा उताराला सरळ उभा पडला होता, घळीकडं बोट दाखवत. त्याच्या कडेनं पाणी वाहू लागलं असतं तर ते थेट खालच्या गल्लीत उतरलं असतं. रेंजरबाईंनी घळीच्या तोंडाची सगळी घरं रिकामी करायला सांगितली. विहीणबाईंना सिस्टरनी आपल्या घरी आणलं. विहीणबाईंनी पलंगावर बसल्या बसल्या मुलाला फोन लावला. एवढंच बोलल्या: "घर वाहून जायची वेळ आलीय. तुला बोलता येत नाही, ठीक आहे. ओंडके तर उचलता येतात? निघ."

आणि जावई आले. रात्रभराचा प्रवास करून, डोळे लाल, थेट डोंगरावर. सिस्टर एका हातानं मेखा धरायला गेल्या होत्या. घरी बसवेना त्यांना. जावयांनी त्यांना नमस्कार केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "आई, मी... मला वाटलं होतं..."

"माझ्याशी नका बोलू," सिस्टर म्हणाल्या. रागावून नाही, पण ठामपणे. "मला सांगून काही उपयोग नाही. तिच्याशी बोला. जमलं तर. आत्ता ते टोक उचला."

त्या दिवशी सुतारदादांच्या करवतीला उसंत मिळाली नाही. बुंध्याचे तुकडे करायचे, पहारीनं वळवायचे, आडवे टाकायचे, मेखा. आभाळ खाली खाली येत होतं. जावई जनावरासारखे राबले. हाताची सालं निघाली तरी थांबले नाहीत, बोललेही नाहीत. निम्म्याहून अधिक रांग बसली. उरलेल्या खिंडारात दगड रचायला घेतले तोच रेंजरबाईंनी शिट्टी मारली. "उतरा! सगळे खाली उतरा! आता जे झालं ते झालं."

पाऊस दुसऱ्या दिवशी भरदुपारी कोसळला. त्या दोन खोल्यांत पाच माणसं बसली होती. विहीणबाई पलंगावर, पायाखाली उशी. चिमणी त्यांच्या कुशीत, बँडेजवर बोटानं रेघोट्या ओढत. लेक ओट्यापाशी, उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धूत. जावई दाराजवळच्या खुर्चीवर, पाहुण्यासारखे. सिस्टर खिडकीशी. डोंगर दिसत नव्हता. पावसाच्या आवाजापलीकडं काही ऐकू येत नव्हतं, आणि सगळ्यांचे कान फोनकडं लागले होते. एकदा खोल कुठंतरी गडगडल्यासारखं झालं. वीज नव्हे, वीज वरून येते. विहीणबाईंनी चिमणीच्या कानांवर हात ठेवले.

फोन वाजला तेव्हा जावयांनी उडी मारून उचलला. सुतारदादा होते. जावयांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्यावर त्यांना बोलावंच लागलं.

"वरचं खिंडार फुटलं. चिखल आला गल्लीत. कडेच्या दोन घरांच्या स्वयंपाकघरांत शिरलाय, कमरेएवढा. माणसं कुणी नव्हती तिथं. आपल्या... आईच्या घरी मागच्या खोलीत आलाय, पण भिंत उभी आहे. खालच्या रांगा टिकल्या. त्या नसत्या तर गल्लीच गेली असती, म्हणाले." ते थांबले. मग बायकोकडं न बघता, चिमणीकडं बघत म्हणाले, "मला कालपासून फार भीती वाटत होती."

लेकीनं नळ बंद केला.  तिनं त्यांना चहा दिला, आणि समोर बसली.

तेवढ्यानं सगळं जुळून आलं असं नाही. लेकीनं आठवड्याभरात जवळच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, चिमणीला इथल्या शाळेत घातलं. जावई सुट्टीच्या दिवशी येतात. कधी चिमणीला बागेत नेतात, कधी तिघं जातात. पुढं काय, हे त्यांचं त्यांना ठाऊक, किंवा त्यांनाही ठाऊक नसेल. सिस्टर विचारत नाहीत. विहीणबाई विचारतात, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आणि उत्तर मिळालं नाही की पुन्हा विचारतात.

घरातला चिखल काढून भिंती वाळेपर्यंत विहीणबाई सिस्टरकडंच राहिल्या. रोज सकाळी ड्रेसिंग. सिस्टर डाव्या हातानं पट्टी सोडवायच्या, विहीणबाई छताकडं बघत शिव्या हासडायच्या, पंख्यावरून आणि चिमणीच्या लाडांवरून दोघींची रोज खडाजंगी व्हायची. शेजारच्यांना सुरुवातीला काळजी वाटली, मग सवय झाली.

शेवटच्या ड्रेसिंगच्या दिवशी सिस्टरनी नव्या कातडीवर बोट फिरवून पाहिलं. गुलाबी, पातळ, पण धरलेली.

"उद्यापासून वर जाता येईल," त्या म्हणाल्या. "ओझं उचलायचं नाही. बिया टाकायच्या फक्त. आणि पिवळ्या पट्टीच्या आत पाऊल टाकलंत तर दुसरा पाय मी स्वतः मोडेन, विहीणबाई."

"काय गं सारखं विहीणबाई, विहीणबाई," विहीणबाई चप्पल शोधत म्हणाल्या. "त्या पोरांचं काही खरं नाही. ती तुटली, जुळली तर आपण काय दर वेळी नाव बदलत बसायचं? ती चप्पल दे इकडं. आणि खिंडारापाशी आधी चल. त्या सुतारानं दगड कसे रचलेत ते मला बघायचंय. माझं घर आहे खाली."

सिस्टरनी पलंगाखालून चप्पल काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. "चल," त्या म्हणाल्या.